गोषा, स्टेथोस्कोप आणि डॉक्टर: मुस्लिम स्त्री रुग्णांच्या उपचाराचा थोडा इतिहास



"मुस्लिम बायका तपासूच देत नाहीत, मग आम्ही करायचं तरी काय?" हे वाक्य मी गेल्या तीस वर्षांत कितीतरी वेळा ऐकले आहे. तरुण डॉक्टरांकडून, सिस्टरांकडून, सोनोग्राफी सेंटरमधल्या टेक्निशियनकडून. रेसिडेंट असताना मी स्वतःही असे बोललो आहे. बोलणाऱ्याच्या मनात दर वेळी द्वेष असतोच असे नाही. ओपीडीत रांग लागलेली असते, वेळ नसतो आणि समोरची स्त्री बुरखा सावरत गप्प बसलेली असते. पण हे वाक्य बरोबर आहे का? इतिहास पाहिला तर उत्तर वेगळेच मिळते. आज तोच इतिहास सांगणार आहे, कारण त्यात डॉक्टरांनी शिकण्यासारखे आणि रुग्णांनी हक्काने मागण्यासारखे बरेच आहे.

स्टेथोस्कोप कुठून आला?

सुरुवात पॅरिसपासून करू. १८१६ सालची गोष्ट. डॉ. रेने लेनेक यांच्याकडे हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुण स्त्री आली. त्या काळी छातीतले आवाज ऐकायचे तर डॉक्टर सरळ रुग्णाच्या छातीला कान लावत. रुग्ण तरुण स्त्री, अंगाने स्थूल. तिच्या छातीला कान लावणे लेनेक यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवले आणि दुसरे आपल्या कानाला लावले. हृदयाचे ठोके कान लावून ऐकू येत त्याहून स्पष्ट ऐकू आले. त्या सुरळीचाच पुढे स्टेथोस्कोप झाला.

म्हणजे आज प्रत्येक डॉक्टरच्या गळ्यात असलेले साधन एका स्त्रीच्या संकोचाचा मान राखताना जन्माला आले. ती स्त्री फ्रान्समधली होती. शरीर परक्यासमोर उघडे करताना वाटणारा संकोच ही कोणा एका धर्माची खासियत नाही, हे आधी लक्षात घेऊ.

इस्लामी वैद्यकात काय सांगितले आहे?

दहाव्या-अकराव्या शतकात स्पेनमधल्या कॉर्डोबाजवळ अल-जहरावी नावाचे मोठे शल्यचिकित्सक होऊन गेले. त्यांनी आपल्या ग्रंथात स्त्रीच्या मूत्राशयातील खडा कसा काढावा याची चर्चा केली आहे. स्त्रिया पुरुष वैद्यासमोर जायला संकोचतात आणि जाणकार स्त्री वैद्य सहसा मिळत नाही, ही अडचण त्यांनी मोकळेपणाने मांडली आहे. वाटही सांगितली आहे: अनुभवी सुईण बोलवावी, वैद्याने काय करायचे ते सांगत जावे आणि तपासणी तिच्या हातून करून घ्यावी.

इस्लामी धर्मशास्त्राचेही मत सर्वसाधारणपणे असेच आहे. स्त्रीला शक्यतो स्त्री डॉक्टरने तपासावे. ती उपलब्ध नसेल आणि गरज असेल, तर पुरुष डॉक्टरने तपासायला हरकत नाही. मात्र गरजेपुरताच भाग उघडा करावा आणि सोबत कोणीतरी असावे. आता हेच नियम वैद्यकीय नीतीच्या पुस्तकाशी ताडून पाहा. पुरुष डॉक्टरने स्त्रीला तपासताना स्त्री परिचारिका हजर असावी, गरजेपेक्षा जास्त अंग उघडे करू नये, हे आम्हालाही शिकवले जाते. दोन्ही नियमांत फारसा फरक नाही. म्हणजे भांडण धर्म आणि वैद्यक यांच्यात नव्हतेच. प्रश्न होता तो व्यवस्था करण्याचा.

एका रात्रीत तीन मृत्यू

ही व्यवस्था नसली की काय होते? १८९० च्या दशकातली, तमिळ मुलखातील तिंडिवनम गावची ही हकीकत प्रसिद्ध आहे. आयडा स्कडर ही अमेरिकन मिशनरी डॉक्टरची तरुण मुलगी आईवडिलांकडे आली होती. एका रात्री तिच्या दारी एकामागून एक तीन पुरुष आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडल्या होत्या. तिने सांगितले, मी डॉक्टर नाही, माझे वडील डॉक्टर आहेत, त्यांना घेऊन जा. परपुरुषाने बायकोला तपासणे तिघांनाही मान्य नव्हते. सकाळपर्यंत तिन्ही स्त्रिया दगावल्या होत्या.

आता यातला महत्त्वाचा तपशील. या तिघांपैकी मुसलमान एकच होता. पहिला ब्राह्मण होता आणि तिसराही हिंदूच. गोषा हा शब्द आपल्या मराठीतही रुळलेला आहे आणि तो मराठा सरदार घराण्यांतही पाळला जाई. उलट शेतात, मागावर किंवा मजुरीवर राबणाऱ्या गरीब मुस्लिम स्त्रियांना घरात बसून राहणे परवडणारे नव्हते. त्यामुळे "पडदा म्हणजे मुसलमान" हे समीकरण तेव्हाही अर्धवट होते आणि आजही आहे.

आयडा अमेरिकेला गेली, डॉक्टर झाली आणि १९०० मध्ये परतली. वेल्लोरला तिने रुग्णालय काढले, १९१८ मध्ये स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा सुरू केली. आजचे वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज त्यातूनच उभे राहिले.

बरेली, मद्रास, मुंबई

स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर ही कल्पना तोवर भारतात रुजू लागली होती. १८७० मध्ये डॉ. क्लारा स्वेन या अमेरिकन डॉक्टर बरेलीला आल्या. रुग्णालयासाठी जागा हवी होती. शेजारची मोठी मालमत्ता रामपूरच्या नवाबांची होती. नवाब कल्ब अली खान कट्टर मुसलमान म्हणून ओळखले जात, मिशनऱ्यांशी त्यांचे फारसे सख्य नव्हते. तरीही स्त्रियांसाठी रुग्णालय काढायचे आहे हे समजताच सुमारे ४० एकरांची ती जागा त्यांनी मोफत देऊन टाकली. १८७४ मध्ये तिथे रुग्णालय सुरू झाले. "मुसलमानांना बायकांवर उपचार नकोच असतात" असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी.

१८८५ मध्ये मद्रासला जातपात आणि गोषा पाळणाऱ्या स्त्रियांसाठी वेगळे रुग्णालय निघाले. लोक त्याला गोषा हॉस्पिटलच म्हणत. त्याच वर्षी व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी अखिल भारतीय निधी उभारला. स्त्री डॉक्टर, नर्स आणि सुईणी तयार करणे आणि स्त्रियांसाठी दवाखाने काढणे हे त्याचे काम. या निधीचा एक नियम फार शहाणपणाचा होता: धर्मप्रचार करायचा नाही. मिशनच्या जनाना दवाखान्यांत औषधाबरोबर बायबलही येत असे, त्यामुळे अनेक मुस्लिम आणि हिंदू घरे दार उघडायला कचरत. उपचाराच्या मोबदल्यात आपल्याला बदलायचा प्रयत्न होणार नाही, एवढी खात्री रुग्णाला हवी असते.

आपल्या मुंबईतही हेच काम चालू होते. १८८३ च्या अखेरीस डॉ. एडिथ पीची इंग्लंडहून आल्या. कामा हॉस्पिटलची इमारत तयार होईपर्यंत त्यांनी जाफर सुलेमान यांच्या नावाच्या दवाखान्यात स्त्रिया आणि मुलांना तपासले. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभे राहिलेले कामा हॉस्पिटल १८८६ मध्ये सुरू झाले. तिथला कारभार स्त्री डॉक्टरांकडे होता. पारशी, मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती अशा सगळ्या समाजांच्या या शहरात स्त्रियांना एकच गोष्ट हवी होती: आपले ऐकून घेणारी आणि तपासताना लाज राखणारी डॉक्टर.

या सगळ्यात उणिवाही होत्या. स्त्री डॉक्टर फार थोड्या होत्या आणि त्यांतल्या अनेक युरोपियन, त्यांना रुग्णाची भाषा येत नसे. लेडी डफरिन यांच्या निधीचा गवगवा "पडद्याआडच्या स्त्रियांसाठी" म्हणून झाला, पण दवाखान्यात येणाऱ्यांत पडदा न पाळणाऱ्या गरीब स्त्रियाच जास्त असत. कोणाला काय हवे आहे हे न विचारता बांधलेल्या योजनेचे असे होते.

प्लेग: जबरदस्तीची किंमत

आता याची दुसरी बाजू. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. सरकारला घरात शिरण्याचे, रुग्णाला उचलून नेण्याचे आणि प्रवाशांना थांबवून तपासण्याचे अधिकार मिळाले.

प्लेगच्या तपासणीत काय पाहतात? गाठी. त्या जांघेत, काखेत आणि मानेत येतात. म्हणजे स्त्रीच्या शरीराचे नेमके तेच भाग, जे ती परपुरुषाला कधीच दाखवणार नाही. आणि ही तपासणी रेल्वेच्या फलाटावर, घराच्या अंगणात, अनोळखी पुरुषांच्या हातून होऊ लागली. संताप उसळला तो सगळ्याच समाजांत. पुण्यात घरोघरी गोरे सोजीर शिरू लागले, त्यातून काय घडले आणि २२ जून १८९७ ला रँडवर गोळी का झाडली गेली, ते आपण शाळेत शिकलो आहोत.

९ मार्च १८९८ ला मुंबईतली ठिणगी मात्र आपल्या पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. जुलाहा विणकरांच्या, म्हणजे मुस्लिम कारागिरांच्या वस्तीत प्लेगच्या पथकाने एका घरातल्या आजारी मुलीला तपासायचा प्रयत्न केला. घरच्यांनी विरोध केला, गर्दी जमली आणि बघता बघता दंगल झाली. गोळीबार झाला, माणसे मेली. एका मुलीची नाडी आणि गाठी पाहण्यावरून.

या घटनांमुळे सरकारला धोरण बदलावे लागले. स्त्रियांच्या तपासणीसाठी स्त्रिया नेमणे, समाजांना आपापली प्लेग रुग्णालये चालवू देणे आणि सक्ती हळूहळू सैल करणे असे बदल झाले. त्याच मुंबईत दुसरेही उदाहरण होते. डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली, पण लोकांचा विश्वास नव्हता. खोजा समाजाचे तरुण प्रमुख तिसरे आगाखान यांनी स्वतः लोकांसमोर लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला हाफकिन यांना दिला. त्यांच्या पाठोपाठ हजारो खोजांनी लस घेतली. शहर एकच, साथ एकच. एका ठिकाणी दंगल झाली आणि दुसऱ्या ठिकाणी लोक रांगेत उभे राहिले. फरक होता तो विश्वासाचा.

नाशिकचा मुडदूस

इथे कोणी म्हणेल, "डॉक्टर, पण पडद्याने तब्येत बिघडतेच ना?" प्रश्न योग्य आहे आणि उत्तर टाळण्यात अर्थ नाही.

१९२२ मध्ये डॉ. हचिसन आणि डॉ. शाह यांनी नाशिकमध्ये केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना मुडदूस, म्हणजे लहान मुलांची हाडे मऊ आणि वाकडी होण्याचा आजार, आढळला तो खाऊनपिऊन सुखी असलेल्या, पण पडदा पाळणाऱ्या मुस्लिम आणि उच्चवर्णीय हिंदू घरांत. आई आणि बाळ महिनोन्‌महिने अंधाऱ्या खोल्यांत असत. कष्टकऱ्यांची मुले अर्धपोटी असूनही उन्हात वाढत आणि त्यांच्यात हा आजार क्वचित दिसे. कारण आज आपल्याला ठाऊक आहे. त्वचेवर ऊन पडले की शरीर ड जीवनसत्त्व तयार करते, आणि ते नसेल तर अन्नातले कॅल्शियम हाडांपर्यंत नीट पोचत नाही.

मोठ्या स्त्रीला हाच त्रास झाला तर त्याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. त्यात कमरेची हाडे आकसतात आणि बाळंतपणात मूल अडते. काश्मीरमध्ये काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी हे जवळून पाहिले आणि १९२८ मध्ये पडदा आणि मातृत्व या विषयावर पुस्तकच लिहिले. त्या पडद्याच्या कडक टीकाकार होत्या. आपल्या डॉ. रखमाबाईंनीही आयुष्याच्या उत्तरार्धात पडदा नाहीसा व्हावा म्हणून पुस्तिका लिहिली. पण त्याच रखमाबाईंनी सुरत आणि राजकोटच्या स्त्रियांच्या रुग्णालयांत वर्षानुवर्षे पडदानशीन स्त्रियांवर उपचार केले. आधी पडदा सोड, मग तपासते, अशी अट त्यांनी घातली नाही. चालीरीतीबद्दलचे स्वतःचे मत आणि रुग्णाशी वागणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात, हे त्यांच्याकडून शिकावे.

आजही बुरखा वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळते. ती दिवसभर ऑफिसात बसणाऱ्या आणि उन्हात स्कार्फ गुंडाळून स्कूटर चालवणाऱ्या मुलींमध्येही आढळते. दोघींनाही सल्ला एकच: गच्चीत किंवा आडोशाच्या अंगणात हातपाय उघडे ठेवून थोडे ऊन घ्या, आणि रक्ततपासणीत कमतरता निघाली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्या. यासाठी कोणाच्या पोशाखावर भाषण देण्याची गरज पडत नाही.

पडद्याआडून आलेले आवाज

या इतिहासात मुस्लिम स्त्रिया फक्त रुग्ण नव्हत्या. भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम यांनी १९०१ ते १९२६ राज्य केले, तेही पडद्यात राहून. त्यांनी स्त्रियांच्या रुग्णालयाला आणि सुईणींच्या प्रशिक्षणाला बळ दिले, उर्दूत आरोग्यावर आणि मुलांच्या संगोपनावर पुस्तके लिहिली. दिल्लीत हकीम अजमल खान यांनी १९०९ मध्ये स्त्रियांसाठी युनानी वैद्यकाची शाळा आणि जनाना दवाखाना काढला.

आणि डॉ. रशीद जहाँ. अलीगढच्या, दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजातून १९२९ मध्ये डॉक्टर झालेल्या. 'अंगारे' या १९३२ च्या संग्रहात त्यांची 'पर्दे के पीछे' ही एकांकिका आहे. सततच्या बाळंतपणांनी खंगलेली एक सुखवस्तू घरातली स्त्री तिथे आपले दुःख बोलून दाखवते. गदारोळ झाला, पुस्तकावर बंदी आली. पण रशीद जहाँ यांनी जे सांगितले ते डॉक्टर म्हणून मला फार मोलाचे वाटते. घरी डॉक्टर येते, औषधपाणीही होते, तरी बाईचे खरे दुखणे तसेच राहते, कारण ते तिच्या नवऱ्याला किंवा सासूला विचारून कळत नाही. ते तिलाच विचारावे लागते.

माझी चूक

हे मी शिकलो ते एका चुकीतून. रेसिडेंट असताना ओपीडीत एक बुरखाधारी तरुण स्त्री आली. जिना चढताना दम लागतो ही तक्रार. सगळे प्रश्न मी तिच्या नवऱ्याला विचारले. "ही तपासू देणार नाही" असे मीच गृहीत धरले, बुरख्यावरूनच स्टेथोस्कोप टेकवला आणि "छाती साफ" असे लिहून रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी ती जास्त त्रासात परत आली. त्या दिवशी वॉर्डच्या वयस्कर सिस्टर तिथे होत्या. त्या म्हणाल्या, "चल गं बेटा," तिला पडद्यामागे नेले, वर चादर धरली आणि मला म्हणाल्या, "या आता डॉक्टर, ती हो म्हणते आहे."

हृदयाच्या झडपेचा आवाज स्पष्ट होता. मायट्रल स्टेनोसिस. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, हे तिने स्वतः सांगितले. पाळी चुकून चार महिने झाले होते, तेही तिनेच सांगितले. गरोदरपणात रक्ताचे प्रमाण वाढते आणि अरुंद झडपेवर ताण येतो. आणखी थोडा उशीर झाला असता तर फुप्फुसात पाणी भरून आई आणि बाळ दोघांचाही जीव धोक्यात आला असता. वेळेत उपचार झाले, दोघेही वाचले. तिने तपासायला नकार दिला नव्हता. मी तिला विचारलेच नव्हते.

मग आज काय करावे?

डॉक्टर मित्रांसाठी:

- प्रश्न रुग्णाला विचारा. सोबत आलेल्यांना काही वेळ आदराने बाहेर बसवा.
- "स्त्री डॉक्टर हवी आहे का?" हे आधीच विचारा. नसेल तर सिस्टरांना सोबत घ्या.
- काय तपासणार आणि का, हे सांगा. एका वेळी एकच भाग उघडा करा, बाकी चादर राहू द्या.
- रमजानच्या आधी मधुमेही रुग्णाला रोज्याबद्दल विचारा, म्हणजे औषधांच्या वेळा आणि डोस ठरवता येतात.
- बुरखा पाहून मुले किती, शिक्षण किती असे अंदाज बांधू नका.

आणि ज्या भगिनी हे वाचत आहेत त्यांच्यासाठी: स्त्री डॉक्टर किंवा सिस्टर मागणे, तपासणीचे कारण विचारणे आणि डॉक्टरांशी एकटीने बोलायचे आहे असे सांगणे हा तुमचा हक्क आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र संकोचापायी तपासणी पुढे ढकलू नका. स्तनातली गाठ, अंगावरून जाणारे रक्त, चढताना लागणारा दम हे थांबून राहत नाहीत. आणि रोजे धरायचे असतील तर औषधांचा डोस स्वतःच्या मनाने बदलू नका, आधी विचारा.

लेनेक यांनी १८१६ मध्ये संकोच करणाऱ्या रुग्णाला परत पाठवले नाही, कागदाची सुरळी केली. आपल्याकडे तर त्याहून कितीतरी जास्त साधने आहेत.